टॉमकॅट जिवंत दिसतो, पण उत्तरच देत नाही

प्रश्न: आमचं जावा अ‍ॅप टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालतं. दोन-तीन दिवसांनी पेज नुसतं फिरत बसतं, लॉगमध्ये एरर नाही, सीपीयू शांत. रिस्टार्ट केलं की परत सुरळीत. काय बघू?

उत्तर: आधी रिस्टार्टची घाई थांबवा, त्यात सगळा पुरावा पुसला जातो. सर्व्हर अडकलेला असतानाच जेस्टॅकने (जावाच्या डेव्हलपर किटमधलं टूल) थ्रेड डंप घ्या, म्हणजे त्या क्षणी कुठला थ्रेड कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी, दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा. टॉमकॅटकडे रिक्वेस्ट हाताळायला डिफॉल्टने जास्तीत जास्त २०० वर्कर थ्रेड असतात, ते सगळे कशाची तरी वाट बघत बसले की नवीन रिक्वेस्ट रांगेतच राहते, आणि वाट बघणं ही काही एरर नाही ना, म्हणून लॉग कोरा. तिन्ही डंपमध्ये बरेचसे थ्रेड त्याच ओळीवर थांबलेले दिसले की दुखणं तिथेच.

सीपीयू शांत आहे म्हणताय म्हणून माझा पहिला संशय डेटाबेस कनेक्शन पूलवर (परत परत वापरायच्या कनेक्शनचा साठा). एक्सेप्शन आलं की कनेक्शन क्लोज व्हायचं राहून जातं, असं एकेक करत पूल रिकामा होतो, आणि टॉमकॅटसोबत येणाऱ्या डीबीसीपी पूलमध्ये डिफॉल्टने फक्त ८ कनेक्शन आणि वाट बघायला मर्यादाच नाही! डंपमध्ये 'बॉरो ऑब्जेक्ट' (पूलकडे कनेक्शन मागणारी मेथड) दिसलं तर हेच. जावा ७ पासूनचं ट्राय-विथ-रिसोर्सेस वापरा, त्यात एक्सेप्शन आलं तरी कनेक्शन आपोआप क्लोज होतं; पूलच्या सेटिंगमध्ये 'मॅक्स वेट मिलिस' १०००० (म्हणजे १० सेकंद) ठेवा म्हणजे निदान एरर तरी दिसेल, आणि 'लॉग अबँडन्ड' चालू करा, कनेक्शन कुठल्या कोडने घेतलं ते कळतं (त्यासाठी 'रिमूव्ह अबँडन्ड ऑन बॉरो' पण चालू लागतं).

थ्रेड 'सॉकेट रीड'वर (नेटवर्कवरून उत्तर यायची वाट) अडकलेले दिसले तर मात्र बहुधा बाहेरच्या एखाद्या सर्व्हिसच्या कॉलला टाइमआउट लावलेला नाही, तो लावा.