कुंडी रिकामी दिसतेय, भुईचाफा गेला का?

प्रश्न: मी परळला चाळीत तळमजल्यावर राहते, गॅलरीत सकाळचं जेमतेम तासभर ऊन येतं. सावंतवाडीच्या मामीने गेल्या मे महिन्यात भुईचाफ्याचा कंद दिला. पावसात पानं काय सुंदर आली, वरून चंदेरी पट्टे आणि खालून जांभळी, पण दिवाळीनंतर पिवळी पडून सगळी वाळली. दोन महिने झाले, रोज पाणी घालतेय पण काहीच नाही. कुंडी रिकामी करू का?

उत्तर: ताई, अजिबात नका करू! झोपलाय तो. फक्त ते रोजचं पाणी आजच बंद करा. भुईचाफा आलं-हळदीच्या घराण्यातला, पावसाळ्यात पानांवर जगायचं, कंद भरून घ्यायचा आणि थंडीत वरचं सगळं टाकून जमिनीखाली पडून राहायचं हा त्याचा दरवर्षीचा नेम. हळदीचा पाला वाळला की हळद मेली म्हणतो का आपण, काढायला आली म्हणतो ना, तसंच हे. आता पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण, ओल तशीच राहते आणि कंद कुजतो, माझा पहिला कंद मी असाच घालवला आणि अजून हळहळ वाटते.

कडेची माती हळूच बाजूला करून कंद दाबून बघा. ताज्या आल्यासारखा टणक लागला तर ठणठणीत आहे. मऊ झाला असेल तर तेवढा भाग कापा, कापलेल्या जागी राख लावा, दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीत परत लावा, इंचभरच खोल. लाल माती, कुजलेला पालापाचोळा, थोडी वाळू, पसरट कुंडी, बस.

तुमची जागा त्याला छान आहे, मूळचा तो जंगलात झाडांखाली वाढणारा, दुपारचं ऊन लागलं तर पानं करपतात. पण सावली म्हणजे अंधार नव्हे हं, कुंडी भिंतीशी न ठेवता कठड्याजवळ उजेडात ठेवा.

मार्च संपला की अधूनमधून थोडं पाणी शिंपडा. एप्रिल-मेमध्ये एकही पान नसताना थेट मातीतून फूल येतं, पांढरं, जांभळ्या पाकळीचं, सुवासिक. एक फूल दिवसभरच टिकतं पण त्याच गड्ड्यातून मागोमाग दुसरं येतं, म्हणून तेव्हा रोज सकाळी वाकून बघत जा. आणि कुंडीवर आत्ताच नाव लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरेल.