ओल झाकायला एफडी मोडू नका

प्रश्न नागपूरच्या अंबाझरी लेआउटमधल्या एका ताईंचा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात त्यांच्या बैठ्या घरात पाणी शिरलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात भिंतींना काळी बुरशी धरते. नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे, रात्री खोकला वाढतो. ठेकेदाराने दोन लाख सांगितलेत: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि पाइपदुरुस्ती ९० हजार, पीव्हीसी पॅनेल आणि रंग १ लाख १० हजार. अडीअडचणीसाठी ठेवलेली ३ लाखांची एफडी मोडावी, की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यावं?

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका. पॅनेल तर अजिबात नको. त्याच्या मागे ओल तशीच राहते, बुरशी वाढत राहते, फक्त तुम्हाला दिसत नाही. तिचे कण मात्र मुलाच्या श्वासात जातच राहतात. ओल्या भिंतीवर रंग दिला तर त्याचेही पोपडे निघणारच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत गिलाव्याला लोणा (ओलीमुळे फुटणारे पांढरे क्षार) लागलाय तो जमिनीपासून कमरेपर्यंत. वर छताजवळ भिंत कोरडी आहे. मग गच्चीवर खर्च कशाला? आधी एक करा. भिंतीच्या खालच्या भागावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी जोत्यातून किंवा फुटक्या पाइपातून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील, तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे. आपल्या नागपुरात जुलै-ऑगस्टातही कूलरचा पंप सुरूच असतो, खिडक्या बंद असतात. मग भिंती सादळणार नाहीत तर काय? पंप बंद ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा.

आता पैशाचं. दोन लाखांचं लोन तीन वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता सुमारे ६,८३५ रुपये आणि व्याजच ४६ हजारांच्या घरात. ठेकेदाराकडून गच्ची आणि पाइप यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. समजा पूर्ण ९० हजार लागलेच, तरी एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून लागतील तेवढेच पैसे उचला. त्याचा दर सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. दर महिन्याला १२ हजार शिल्लक टाकता म्हणालात. त्यातून फेडलंत तर आठ टक्क्यांनी एकूण व्याज तीन हजारांच्या आसपास जाईल, आणि एफडी शाबूत राहील. घरात दम्याचं मूल असताना ती रिकामी करणं मला पटत नाही.

पहिला खर्च मुलाच्या डॉक्टरांचा. घरातली ओल त्यांना नक्की सांगा, आणि त्यांनी दिलेला इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. आजच पलंग भिंतीपासून लांब सरकवा. डाग तीन फूट बाय तीन फुटांच्या आत असेल, तर मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवून, मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासा आणि जागा पूर्ण वाळवा. त्याहून मोठा असेल तर माणूस लावा. आरोग्य विम्याच्या फॉर्मवर दमा लपवू नका. आधीपासूनच्या आजारावर विमा लागू होईपर्यंतची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पण लपवलेला आजार सापडला तर दावाच नाकारला जाऊ शकतो.

पाइप गळत असेल तर तो लगेच दुरुस्त करून घ्या. गिलावा आणि रंग मात्र पाऊस गेल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत नीट वाळू द्या, तोवर ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नका.