क्लाउडवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधला डेटा जवळपास रिअल टाइम डॅशबोर्डवर आणायला दर ३० सेकंदांनी क्वेरी चालवली तर पुरेल का?

नाही पुरणार. आकडे दिसतील, हलतील, ताजे वाटतील, पण काही रेकॉर्ड कायमचे गळतील आणि कुठल्याही लॉगमध्ये एरर येणार नाही. तुम्ही लिहिलंय की ऑर्डर्सच्या टेबलात अपडेटेड_अ‍ॅट (ओळ शेवटची बदलल्याची वेळ) कॉलम आहे, 'मागच्या वेळेनंतरचं तेवढं उचला' अशी क्वेरी दर ३० सेकंदांनी चालवायचा विचार आहे, आणि सीडीसी (डेटाबेसमधला प्रत्येक बदल त्याच्या लॉगमधून उचलणं), काफ्का (ते बदल पुढे वाहून नेणारी सिस्टीम) वगैरे लावणं झेपेल का अशी शंका आहे. तुमचं हे डिझाइन मी दीड वर्ष सांभाळलंय, म्हणून जरा लांबण लागणार आहे.

ते आमच्या आर्किटेक्टनी ठरवलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की स्ट्रीमिंगचा पसारा कशाला, टाइमस्टॅम्पवर इंडेक्स आहे, क्वेरी काही मिलिसेकंदांत येते. त्यात चूक काही नव्हती, क्वेरी खरंच पटकन यायची. पॅकिंगला किती माणसं लावायची हे ऑपरेशन्सवाले त्या बोर्डवरच्या पेंडिंगच्या आकड्यावरून ठरवायचे.

एक दिवस ऑपरेशन्समधल्या एक ताई माझ्या टेबलाशी कागद घेऊन आल्या. त्यावर ११ ऑर्डर नंबर हाताने लिहिलेले. म्हणाल्या, "या अ‍ॅडमिन स्क्रीनवर पेंडिंग दिसतात, बोर्डवर नाहीतच. मी आधी दोनदा सांगितलंय." मी आर्किटेक्टना विचारलं. ते म्हणाले, निअर रिअल टाइम आहे, थोडं मागेपुढे होणारच. पण कागदावरच्या ऑर्डरी तीन दिवसांपूर्वीच्या होत्या. ३० सेकंदांच्या सिस्टीममध्ये तीन दिवस हे 'मागेपुढे' कसं होईल?

त्या संध्याकाळी मी त्या ११ ओळी मूळ डेटाबेसमधून काढून अपडेटेड_अ‍ॅटवर सॉर्ट केल्या. ७ ओळींची वेळ एकच होती, अगदी मायक्रोसेकंदापर्यंत, दशांशानंतरचे सहाच्या सहा आकडे तेच. उरलेल्या ४ ओळींची दुसरी एक वेळ, तीही चौघींची एकच. माणसं एकेक करून टाकतात त्या ऑर्डरी अशा येत नाहीत. त्या आल्या होत्या मोठ्या ग्राहकांची फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं एकदमच पक्कं होणाऱ्या गठ्ठ्यात, भरणाऱ्या इम्पोर्टमधून.

पोस्टग्रेसमध्ये नाऊ() ही ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देते, ओळ लिहिल्याची नव्हे आणि कमिट झाल्याची (पक्की होऊन इतरांना दिसायला लागल्याची) तर नव्हेच. इम्पोर्ट १०:०२:१४ला सुरू झाला, १०:०४:४०ला कमिट झाला. मधे १०:०३:५०ला एक साधी ऑर्डर आली आणि लगेच कमिट झाली. १०:०४च्या फेरीत आमच्या क्वेरीने ती उचलली आणि 'इथपर्यंत वाचलं' ही खूण १०:०३:५०वर सरकवली. इम्पोर्टच्या ओळी दिसायला लागल्या तेव्हा त्यांच्या अंगावर वेळ होती १०:०२:१४. पुढची प्रत्येक क्वेरी विचारणार '१०:०३:५०च्या पुढचं द्या'. त्या ओळींना पुन्हा कोणी हात लावला तरच त्या बोर्डवर येणार, नाहीतर कधीच नाही.

नाऊ()ऐवजी क्लॉक_टाइमस्टॅम्प(), म्हणजे त्या क्षणाची घड्याळातली वेळ, घेतला तर भोक लहान होतं, बुजत नाही, कारण लिहिण्याची वेळ आणि कमिट होऊन इतरांना दिसण्याची वेळ वेगळीच राहते. वाढत्या आयडीवर खूण ठेवली तरी तेच, सीक्वेन्सचे (आयडी वाटणाऱ्या काउंटरचे) नंबर कमिटच्या क्रमाने वाटले जात नाहीत.

हे सगळं मी मीटिंगमध्ये मांडलं. आर्किटेक्टचं उत्तर आलं, "पाच मिनिटं मागे जाऊन वाच." मी विचारलं, सहा मिनिटांचा इम्पोर्ट आला तर? त्यावर त्यांनी स्क्रीनवर दिवसाची एकूण बेरीज दाखवली. मूळ डेटाबेस आणि बोर्ड, फरक जेमतेम दोन-तीन ऑर्डरींचा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

बेरीज जुळत होती ती वेगळ्याच कारणाने, आणि ते शोधायला मला अजून एक आठवडा लागला. रद्द झालेल्या ऑर्डरी आमचं अ‍ॅप्लिकेशन टेबलातून थेट डिलीट करायचं. डिलीट झालेली ओळ 'नंतरचं उचला' या क्वेरीला दिसणार कुठून? त्या ऑर्डरी बोर्डवर पेंडिंग म्हणून तशाच बसून होत्या. इम्पोर्टमधल्या गळायच्या, रद्द झालेल्या उरायच्या, दोन्ही चुका एकमेकींना झाकायच्या. पॅकिंगवाले नसलेल्या ऑर्डरी शोधत बसायचे आणि असलेल्या पडून राहायच्या. मी दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्यावर वाद मिटला, पण "आधी का नाही सांगितलं" हे मलाच ऐकावं लागलं. त्या ताईंनी तर माझ्या आधी दोनदा सांगितलं होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: डॅशबोर्डवर उशीर चालतो, गळती चालत नाही. १० मिनिटं मागे असलेला पण पूर्ण आकडा मला २ सेकंद मागे असलेल्या भोकाच्या आकड्यापेक्षा कधीही चालेल. 'किती सेकंदांत दिसतं' हा प्रश्न विक्रीच्या सादरीकरणात विचारतात. तुम्ही विचारा, 'कमिट झालेलं सगळं पोचतं का, आणि ते मला कसं कळेल'.

आता तुमच्या प्रश्नाचं. सीडीसी लावा, म्हणजे टेबलाला न विचारता डेटाबेसचा वॉल लॉग वाचा, प्रत्येक बदल आधी ज्यात नोंदला जातो तो. त्यात बदल कमिटच्या क्रमाने मिळतात, डिलीटसकट. लॉजिकल डीकोडिंग, म्हणजे वॉलमधून ओळींचे बदल वाचायची सोय, पोस्टग्रेसमध्ये ९.४पासून आहे, म्हणजे २०१४पासून. त्यासाठी वॉल_लेव्हल हे सेटिंग 'लॉजिकल' करायला रीस्टार्ट लागतो, तेवढी वेळ मागून घ्या. आम्ही पुढे डेबेझियम (वॉल वाचणारं टूल), काफ्का आणि शेवटी क्लिकहाउस (मोजणी-बेरजांसाठीचा डेटाबेस) असं नेलं. टूल तुमच्या टीमला जे चालवता येईल ते घ्या, त्यावरून भांडू नका.

भांडायचं असेल तर या गोष्टींवरून भांडा. डिलीट आणि अपडेटच्या इव्हेंटमध्ये (बदलाच्या नोंदीत) जुन्या ओळीची मुळात फार तर प्रायमरी की येते. 'पेंडिंगमधून वजा, पॅक्डमध्ये अधिक' असा हिशोब त्या इव्हेंटवरूनच करायचा असेल तर टेबलाचं रेप्लिका आयडेंटिटी हे सेटिंग 'फुल' करावं लागतं, म्हणजे जुनी ओळ पूर्ण येते, आणि त्याने वॉल फुगतो. इव्हेंट दोनदा येऊ शकतात हे धरूनच चाला. प्रायमरी की आणि एलएसएन (बदलाची वॉलमधली जागा) यांवर डुप्लिकेट काढा, टाइमस्टॅम्पवर नको. क्लिकहाउसचा रिप्लेसिंगमर्जट्री हा टेबल-प्रकार डुप्लिकेट काढतो, पण मागच्या मागे मर्ज होईल तेव्हा, आणि ते केव्हा होईल याचा भरवसा नाही. डॅशबोर्डच्या क्वेरीत फायनल किंवा आर्गमॅक्स (ओळीची शेवटचीच आवृत्ती घ्यायचे दोन मार्ग) नसेल तर आकडे दुप्पट दिसून परत खाली येतील.

सगळ्यात आधी ताळा लावा. दर तासाला दोन्हीकडून मागच्या तासाभरापूर्वीपर्यंतच्या ऑर्डरींची स्टेटसनुसार मोजणी, आणि त्याबरोबर आयडींची तुलना. नुसती बेरीज नको, ती का नको ते वर सांगितलंच. ताळा जुळला नाही तर बोर्डवरच लाल पट्टी येऊ दे, फक्त तुमच्या इनबॉक्समध्ये नको. 'डेटा अमुक वाजेपर्यंतचा' ही ओळही बोर्डवर मोठ्या अक्षरात हवी. आमच्याकडे 'युजर गोंधळतात' म्हणून ती काढायला लावली होती. युजर गोंधळत नाहीत, कंटाळून कागदावर नंबर लिहायला लागतात.

हे लिहून झाल्यावर एक कबूल करायला हवं, खरं तर वरच सांगायला हवं होतं. तुमचं टेबल काही लाख ओळींचंच असेल आणि मिनिटभराचा उशीर चालणार असेल, तर यातलं काहीच नको. रीड रेप्लिकावर (मूळ डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर) दर मिनिटाला पूर्ण मोजणी चालवा. आधीची खूणच नाही, त्यामुळे गळती नाही. फक्त क्वेरी लांबली तर रेप्लिका ती 'कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' म्हणून, म्हणजे मूळ डेटाबेसचे बदल लावायच्या आड येते म्हणून, मधेच मारू शकते, आणि त्यामागची मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले ही मर्यादा मुळात ३० सेकंदांची असते.

आणि सीडीसी लावलंच तर रेप्लिकेशन स्लॉटकडे, म्हणजे वाचणारा वॉलमध्ये कुठपर्यंत आलाय ही पोस्टग्रेसने ठेवलेली नोंद, तिच्याकडे डोळा ठेवा. वाचणारा बंद पडला की पोस्टग्रेस त्याच्यासाठी वॉल साठवत बसतो, डिस्क भरेपर्यंत, आणि मग डॅशबोर्डपायी मूळ डेटाबेसच बसतो. आवृत्ती १३पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझने त्याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. मर्यादा घातल्यावर स्लॉट निकामी झाला तर नव्याने स्नॅपशॉट (पूर्ण टेबलाची प्रत) घ्यावा लागेल, तो किती वेळ चालतो ते आधी करून बघा. चाचणीसाठी बनवलेले स्लॉटही शोधून ड्रॉप करा. डेबेझियमचा कनेक्टर डिलीट केला तरी डेटाबेसमधला स्लॉट तसाच राहतो आणि वॉल धरून ठेवतो.