चार्टरिंग (जहाज भाड्याने घेण्या-देण्याच्या) सॉफ्टवेअरच्या नकाशावर जहाज नेमकं कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

तुमच्या नकाशावर काही जहाजं दिसतच नाहीत, काही तासन्‌तास एकाच जागी राहतात आणि एकाचा मार्ग थेट जमिनीवरून गेलाय, असं तुम्ही विचारलंय. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

जहाज दिसत नसेल तर आधी त्याच्या मास्टर रेकॉर्डमधला (सॉफ्टवेअरमधल्या मूळ नोंदीतला) आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, तपासा. हा सात आकडी नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक, नऊ आकडी असतो आणि झेंडा (नोंदणीचा देश) बदलला की तोही बदलतो. त्यामुळे जुन्या एमएमएसआयवर जोडलेलं जहाज विक्रीनंतर नकाशावरून गायब होतं. आयएमओ नंबर टाइप करताना चुकला का, हे लगेच कळतं: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. 9074729 साठी बेरीज 139 येते, शेवटी 9, म्हणजे बरोबर. नंबर ठीक असेल तर एआयएस (जहाजाची जागा रेडिओवरून आपोआप सांगणारी यंत्रणा) डेटा पुरवणाऱ्याकडच्या तुमच्या फ्लीट लिस्टमध्ये ते जहाज आहे का, ते बघा. बऱ्याच करारांत ठरावीक जहाजांचेच पैसे भरलेले असतात.

जहाज एका जागी अडकल्यासारखं दिसतं तेव्हा ते बहुतेक वेळा चालू असतं, थांबलेला असतो तो डेटा. म्हणून ठिपक्यावर क्लिक केल्यावर जागेच्या आधी रिपोर्टची वेळ वाचा, आणि ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की तुमच्या स्थानिक वेळेत, हेही. जहाजावरचा एआयएस 14 नॉटपर्यंतच्या (तासाला 14 सागरी मैल) वेगात दर 10 सेकंदांनी जागा सांगतो, नांगरावर असताना दर 3 मिनिटांनी. पण ते व्हीएचएफवर (कमी पल्ल्याच्या रेडिओवर) जातं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण 40 सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं. त्यापुढे उपग्रह लागतो. तुमच्या प्लॅनमध्ये फक्त किनाऱ्यावरचा एआयएस असेल, तर खोल समुद्रात ठिपका शेवटच्या जागीच बसून राहणार. उपग्रह असला तरी गर्दीच्या समुद्रात हजारो जहाजांचे संदेश एकमेकांवर आदळतात आणि तुमच्या जहाजाचा संदेश हरवू शकतो. काही सॉफ्टवेअर मधल्या वेळेत अंदाजाने ठिपका पुढे सरकवतात. ती सेटिंग चालू असेल तर अंदाजाचा ठिपका वेगळ्या रंगात ठेवा, नाहीतर अंदाज आणि रिपोर्ट यांत फरकच कळत नाही.

जमिनीवरून गेलेली रेघ म्हणजे बऱ्याच वेळाच्या अंतराने आलेल्या दोन रिपोर्टांना सॉफ्टवेअरने सरळ जोडलेलं असतं, बाकी काही नाही. जहाजच विमानतळावर किंवा शहरात उभं दिसलं तर मात्र जीपीएसमध्ये ढवळाढवळ आहे असं समजा. काळा समुद्र, पर्शियन आखात आणि पूर्व भूमध्य समुद्रात हे घडतं. अक्षांश 91 आणि रेखांश 181 आला तर त्याचा अर्थ ‘जागा उपलब्ध नाही’ असा आहे.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. जागा, वेग आणि दिशा यंत्राकडून येतात. डेस्टिनेशन, ईटीए (पोहोचण्याची अंदाजे वेळ), ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय) आणि ‘नांगरावर’ की ‘अंडर वे’ (प्रवासात) ही स्थिती जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो, आणि मागच्या बंदराची माहिती तशीच राहून जाणं रोजचंच आहे. म्हणून ड्राफ्ट बघून जहाज बॅलास्टमध्ये (मालाविना रिकामं) आहे असं गृहीत धरू नका आणि एआयएसचा ईटीए लेकॅनशी (जहाजाने माल भरायला हजर होण्याच्या ठरलेल्या मुदतीशी) ताडू नका. सॉफ्टवेअरच्या डिस्टन्स टेबलवरून उरलेलं अंतर घ्या आणि गेल्या 24 तासांच्या सरासरी वेगाने भागा. 1,440 सागरी मैल 12 नॉटने 120 तासांत होतात, 11 नॉटने जवळपास 131 तासांत. 11 तासांच्या या फरकात कॅन्सलिंग डेट (लेकॅनची शेवटची तारीख, जिच्यानंतर करार रद्द करता येतो) निघून जाऊ शकते.

लेकॅन जवळ आलेल्या जहाजांवर ‘रिपोर्ट 6 तासांहून जुना’ असा अलर्ट लावा. तो वाजला की मालकाच्या ऑपरेशन्सकडून किंवा ब्रोकरमार्फत ताजा नून रिपोर्ट (जहाजाचा रोजचा दुपारचा अहवाल) मागवा, त्यातली जागा हाताने भरा आणि शेऱ्यात स्रोत व वेळ लिहा. फिक्स्चरवर (जहाजाच्या भाडेकरारावर) बोलणी चालू असताना मालकाने सांगितलेली ओपन पोझिशन (जहाज कुठे आणि कधी मोकळं होणार ते) आणि नकाशा यांत तफावत दिसली, तर होकार देण्याआधी लेखी खुलासा घ्या.