कायद्याची शंका: हात थांबले तर मसाजचा व्यवसाय कोण सांभाळेल?

प्रश्न : मी ऑस्टिनला (टेक्सास) राहते. परवानाधारक मसाज थेरपिस्ट आहे. एकटीच काम करते, व्यवसाय एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) नावावर आहे. लवकरच मनगटाची शस्त्रक्रिया आहे. त्या काळात, किंवा पुढे कधी मी बेशुद्ध वा असमर्थ झाले तर, यजमानांना सगळे व्यवहार करता यावेत म्हणून पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) करायची आहे. पुण्यातला एक फ्लॅटही माझ्या नावावर आहे. दोन्हीकडे एकच कागद चालेल का?
– एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : चालणार नाही, दोन वेगळे कागद करा. आधी टेक्सासचे पाहू.

टेक्सासच्या इस्टेट्स कोड या कायद्यात 'ड्युरेबल पॉवर ऑफ ॲटर्नी'चा, म्हणजे तुम्ही असमर्थ झालात तरी चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्राचा, ठरलेला नमुना आहे. त्यात अधिकारांची यादी असते आणि जो अधिकार द्यायचा त्यासमोर तुम्ही स्वतः आद्याक्षरे करायची असतात. जागा रिकामी राहिली की तो अधिकार मिळत नाही, आणि घाईत नेमके हेच होते. तुमच्यासाठी बँक व्यवहार, व्यवसाय चालवणे, कर, दावे आणि डिजिटल मालमत्ता हे पाच अत्यावश्यक. शेवटचा विसरू नका. अपॉइंटमेंटचे वेळापत्रक आणि ग्राहकांचे ईमेल त्यातच येतात. सही नोटरीसमोर करा.

अधिकार कधीपासून लागू, याचे दोन पर्याय नमुन्यात आहेत: आत्तापासून, किंवा तुम्ही असमर्थ ठरल्यावर. दुसरा सुरक्षित वाटतो, पण तुमच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे. हाताला प्लास्टर असले तरी तुमची बुद्धी शाबूत असणार, म्हणजे कायद्याने तुम्ही असमर्थ ठरणारच नाही. शिवाय असमर्थतेला डॉक्टरांचा लेखी दाखला लागतो आणि ऐन गरजेला तोच अडतो. यजमानांवर भरवसा असेल तर पहिला पर्याय घ्या. घटस्फोट झाला तर त्यांचा अधिकार आपोआप संपतो, म्हणून पर्यायी मुखत्याराचेही (ज्याला अधिकार द्यायचे त्या व्यक्तीचे) नाव घाला.

एवढ्याने भागत नाही. व्यवसायाचे खाते एलएलसीचे आहे, तुमचे वैयक्तिक नाही. बँक विचारेल, कंपनीच्या वतीने सही करायला हे कोण? म्हणून कंपनी ॲग्रीमेंटमध्ये (एलएलसीच्या अंतर्गत करारात) एक कलम घाला: मॅनेजर असमर्थ झाल्यास अमुक व्यक्ती मॅनेजर होईल. त्या कलमाची प्रत घेऊन, तुम्ही धडधाकट असतानाच, यजमानांना खात्यावर अधिकृत सही करणारे म्हणून नोंदवून टाका. पॉवर ऑफ ॲटर्नी पाहून बँकेने काचकूच केलीच, तर कायद्याने तिला ती स्वीकारावी लागते किंवा 10 कामकाजाच्या दिवसांत मुखत्याराचे प्रमाणपत्र वा वकिलाचे मत मागावे लागते. करांसाठी आयआरएस (अमेरिकेचे कर खाते) स्वतःचा फॉर्म 2848 (करविषयक मुखत्यारपत्र) मागते. मूळ कागदात करांचे अधिकार असतील तर यजमान तो तुमच्या वतीने भरू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे: तुमचा परवाना कोणाला देता येत नाही. यजमान भाडे भरतील, पैसे परत करतील, अपॉइंटमेंट रद्द करतील. पण स्वतःचा परवाना नसताना मसाज करू शकणार नाहीत. दर दोन वर्षांच्या नूतनीकरणासाठी लागणारे 12 तासांचे शिक्षणही तुम्हालाच पुरे करावे लागेल.

दुसऱ्या थेरपिस्टला कामावर घेणे हा उपाय आहे, पण त्यात खाच आहे. टेक्सासमध्ये एकट्याने काम करणाऱ्याला 'मसाज एस्टॅब्लिशमेंट'च्या (मसाज केंद्राच्या) परवान्यातून सूट मिळते. (व्यवसायाचे वेगळे नाव असेल तर ते नाव जिथे जिथे लिहाल तिथे तुमचे पूर्ण कायदेशीर नाव किंवा परवाना क्रमांक द्यावा लागतो, हे तुम्ही पाळत असालच.) दुसरी व्यक्ती आली की ही सूट जाते. त्यामुळे तिचा परवाना, तिचा स्वतःचा दायित्व विमा आणि गरज असल्यास एस्टॅब्लिशमेंटचा परवाना हे सारे शस्त्रक्रियेआधी मार्गी लावा. शक्य नसेल तर आसपासच्या एखाद्या थेरपिस्टशी ग्राहक तिच्याकडे पाठवण्याचे लेखी ठरवून ठेवा. हा मार्ग सोपा आणि बहुतेकांना पुरेसा आहे.

आणखी एक. आगाऊ विकलेली पॅकेजेस आणि गिफ्ट कार्डे यांची यादी काढून, प्रत्येकाची शिल्लक लिहून यजमानांकडे द्या. कार्ड पेमेंटच्या खात्याचा ओटीपी तुमच्याच फोनवर येतो, त्याचीही सोय करा.

पुण्याच्या फ्लॅटसाठी वेगळे मुखत्यारपत्र का, तर भारतात 'ड्युरेबल' ही सोयच नाही. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मूळ मालक मरण पावला किंवा त्याची विचारशक्ती गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे तुम्ही शुद्धीत असाल तोवरच ते उपयोगाचे. फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि नेमकी कामे (भाडेकरार, सोसायटी, वीजबिल, विक्री असल्यास तसे स्पष्ट) लिहा. ऑस्टिनमध्ये नोटरी करून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी दाखला) घ्या. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हुकली म्हणून ऐन विक्रीच्या वेळी दुय्यम निबंधकाकडे कागद अडतो.

प्रश्न : माझ्या पश्चात यजमान याच कागदावर व्यवसाय विकू शकतील का?

उत्तर : नाही. दोन्हीकडची मुखत्यारी मृत्यूबरोबर संपते. पुढचे अधिकार मृत्युपत्रातल्या एक्झिक्युटरला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यक्तीला) मिळतात. एलएलसीतला हिस्सा कोणाला जाईल हे मृत्युपत्रात लिहा, आणि वैद्यकीय निर्णयांसाठी 'मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नी' वेगळी करा. ती दोन साक्षीदारांसमोर किंवा नोटरीसमोर होते. शस्त्रक्रियेला जाताना तिची प्रत रुग्णालयात द्या.