कपाटातले डावे बूट

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे.)

"मॅडम, मला फक्त एवढंच सांगा. बाबांचं झालं तेच माझं होणार ना?"

वसुधाताई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या, तोच हा प्रश्न. मधुमेह असलेल्यांचं समुपदेशन करताना तो मला वेगवेगळ्या शब्दांत भेटतो. "आमच्या घराण्यातच आहे." "आईचे डोळे गेले, आता माझा नंबर." "कितीही केलं तरी शेवट ठरलेलाच आहे." पहिल्याच भेटीत यातला एखादा सूर लागला नाही, असं क्वचितच होतं.

वय ४६. टाइप २ मधुमेह असल्याचं कळून तीन वर्षं झालेली. गोळ्या आठवडाभर घ्यायच्या, पंधरा दिवस सोडायच्या. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ टक्के. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, "ऐकत नाहीत." हा शेरा मी नेहमी मनातल्या मनात खोडते. वसुधाताई ऐकत होत्या, नको तितकं ऐकत होत्या.

त्यांनी पिशवीतून ग्लुकोमीटरचा खोका काढून टेबलावर ठेवला. सील तसंच होतं. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख उलटून आठ महिने झाले होते. "मुद्दाम आणलंय," त्या म्हणाल्या. "ओरडायचं असेल तर एकदाच ओरडून घ्या."

मी बाबांबद्दल विचारलं.

बाबांना मधुमेह निघाला १९८४ साली. पुढच्या दहा वर्षांत एका डोळ्याची नजर गेली. मग १९९८ मध्ये डाव्या बुटाच्या तळातून एक खिळा वर आला आणि बाबा दिवसभर त्यावर चालले. संध्याकाळी मोजा पायाला चिकटलेला होता. तो रक्तानं चिकटलाय हे आधी दिसलं ते वीस वर्षांच्या वसुधाताईंना, कारण बाबांना काही दुखलंच नव्हतं. जखम चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यानंतरही बाबा नवे बूट जोडीनंच आणायचे, एकटा बूट कोण विकणार? उजवा झिजायचा, डावा कोरा राहायचा. ते गेले तेव्हा कपाटात तीन डावे बूट होते.

"मीटर उघडायला घेतला की मला ते बूट दिसतात," त्या म्हणाल्या.

अशा वेळी धीर द्यायची फार घाई होते. "तुमचं तसं काही होणार नाही" असं मी म्हणत नाही, कारण ते मला ठाऊक नसतं. मी डॉक्टरही नाही. औषधांचं त्यांनीच ठरवायचं. पण एक गोष्ट माझ्या हातात होती: बाबांना मधुमेह निघाला ते साल.

१९८४ मध्ये डॉक्टरांमध्येच यावर एकमत नव्हतं. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा खरंच वाचतात, की हे नुकसान आजाराबरोबर येतंच? बाबांचा आजार कळला त्याच्या आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, अमेरिका आणि कॅनडात याचा छडा लावण्यासाठी एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. डीसीसीटी त्याचं नाव. टाइप १ मधुमेह असलेले १,४४१ जण, वय १३ ते ३९. निम्म्यांवर तेव्हाचे नेहमीचे उपचार, निम्म्यांची साखर काटेकोरपणे निरोगी पातळीच्या जवळ ठेवायची. उत्तर आलं १९९३ मध्ये. ज्यांचे डोळे सुरुवातीला ठीक होते, त्यांच्यात काटेकोर उपचारांनी पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. (साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. हेही मी सांगते, लपवत नाही.) वसुधाताईंसारख्या टाइप २ वाल्यांसाठी उत्तर यायला १९९८ उजाडलं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात नुकताच मधुमेह निघालेले ५,१०२ जण होते. एका गटाची तीन महिन्यांची शुगर सरासरी ७.९ राहिली, दुसऱ्याची ७. एवढ्याशा फरकानं बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत, म्हणजे मुख्यतः डोळे आणि मूत्रपिंडांचं नुकसान, २५ टक्क्यांनी कमी झालं.

"१९९८?" वसुधाताईंनी विचारलं.

"हो."

"त्याच वर्षी पाय गेला त्यांचा."

त्या बराच वेळ टेबलाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी दुर्लक्ष केलं म्हणून नाही झालं?" हा प्रश्न माझ्या अपेक्षेत नव्हता. गेली पंचवीसेक वर्षं घरात सगळे हेच म्हणत आले होते की बाबांनी पथ्य पाळलं नाही. मी म्हटलं, पथ्य पाळलं की नाही ते मला कसं कळणार? पण पाळून नेमका किती उपयोग होतो, हे तेव्हा त्यांना कुणी आकड्यानं सांगू शकत नव्हतं.

इथवर ठीक चाललं होतं. मग मी माती खाल्ली.

यूकेपीडीएसचा पुढचा भाग मला फार आवडतो, म्हणून उत्साहानं सांगून टाकला. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी, २००८ मध्ये पाहिलं, तर सुरुवातीला साखर आटोक्यात राहिलेल्यांना गुंतागुंत अजूनही कमीच होती. जणू शरीरानं ती पहिली वर्षं लक्षात ठेवली. संशोधक याला 'वारसा परिणाम' म्हणतात. मला ही छान बातमी वाटत होती.

वसुधाताई पुढच्या भेटीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी फोन केला तर शांतपणे म्हणाल्या, "पहिली वर्षं महत्त्वाची, असं तुम्हीच म्हणालात. माझी पहिली तीन वर्षं तर गेली."

त्या अभ्यासाचा असाही अर्थ निघतो, हे इतकी वर्षं हे काम करून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फोनवर मी माफी मागितली आणि या म्हटलं, अर्धीच गोष्ट सांगितली तुम्हाला.

उरलेली अर्धी डेन्मार्कची. स्टेनो-२ अभ्यासात १६० जण होते, सरासरी वय ५५, आणि सगळ्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन आधीच जाऊ लागलं होतं, म्हणजे मूत्रपिंडांना धक्का बसायला लागला होता. ही सगळी 'उशीर झालेली' माणसं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट, चालणं-फिरणं, सगळीकडे एकदम लक्ष. सुमारे आठ वर्षांनी या दुसऱ्या गटात मूत्रपिंड आणि डोळ्यांचे आजार पुढे जाण्याचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी होता. मृत्यूंचे आकडे घाबरलेल्या माणसाला सांगावेत की नाही, याचा मी थोडा विचार केला. मग सांगितले. तेरा वर्षांनंतर नेहमीच्या उपचारांच्या ८० जणांपैकी ४० गेले होते, दुसऱ्या ८० पैकी २४.

"आणि साखर सगळ्यांची सात?" त्यांनी विचारलं.

नाही, आणि मला हेच तर सांगायचं होतं. त्या अभ्यासात साखरेचं ठरवलेलं उद्दिष्ट गाठणारे अगदी मोजके होते. बाकीच्यांना ते जमलं नाही, तरी त्या गटाचा फायदा झालाच, कारण रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही सोबतीनं खाली आले होते.

खोक्याचं सील त्यांनी तिथेच, माझ्यासमोर फोडलं. जुन्या पट्ट्या मी कचऱ्यात टाकल्या.

मधल्या काही भेटींचं थोडक्यात सांगते. एकदा त्या धाकट्या भावाला घेऊन आल्या. त्याची साखर काठावर, आणि त्याचाही तोच सूर: आज ना उद्या होणारच आहे. त्याला टक्केवारी सांगितली नाही, माणसं मोजून दाखवली. अमेरिकेतल्या डीपीपी अभ्यासात (२००२) त्याच्यासारख्या काठावरच्या १०० जणांना नुसत्या खोट्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तेव्हा तीन वर्षांत साधारण २९ जणांना मधुमेह झाला. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत २२ जणांना. आणि वजन सात टक्के उतरवून आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, असं ध्येय दिलेल्यांत १४ जणांना. "म्हणजे खोट्या गोळ्यांवरही ७१ जणांना झाला नाही," भाऊ म्हणाला. शंभरातून एकोणतीस वजा करणं कुणालाही जमलं असतं, पण 'होणारच' हा शब्द डोक्यात असला की ती वजाबाकी सुचत नाही. त्या १४ जणांत तो असेल की नाही, हे मी त्याला सांगू शकले नाही. तसं मी म्हटलंही.

वसुधाताईंचा लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. दिवसातून आठ-आठ वेळा तपासणी, वहीत लाल शाईनं आकडे, १४० दिसलं की रात्रभर झोप नाही. एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचाच, असा हट्ट. तो किती ठेवायचा ते डॉक्टरांनाच विचारा, असं सांगून मी अ‍ॅकॉर्ड अभ्यास काढला. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या टाइप २ च्या १०,२५१ जणांवरचा. त्यात हेच उद्दिष्ट ठेवलं होतं आणि २००८ मध्ये तो काटेकोर गट मुदतीआधी थांबवावा लागला, कारण त्यात मृत्यू जास्त होऊ लागले होते. तुम्ही त्या लोकांसारख्या नाही आहात, मी म्हटलं, पण खाली म्हणजे चांगलं आणि आणखी खाली म्हणजे आणखी चांगलं, असा हा हिशेब नाही. डॉक्टरांनी त्यांना सातच्या आसपास पुरे सांगितलं. लाल पेन त्यांनी माझ्याकडे ठेवून दिलं. अजून माझ्या खणात आहे.

एक तपासणी मात्र त्या टाळत राहिल्या. डोळ्यांच्या पडद्याची झाली, लघवीची झाली, दोन्ही ठीक निघाल्या. पायांची तारीख दोनदा बदलली. टाइप २ मध्ये या तिन्ही तपासण्या निदान होताच करायच्या आणि मग दरवर्षी, कारण आजार कळायच्या आधीच कित्येक वर्षं तो असू शकतो. हे त्यांना तोंडपाठ होतं, पण पाठ असून काय उपयोग!

शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सोबत या."

मोनोफिलामेंट म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. मुठीला लावलेला नायलॉनचा एक धागा. तळव्याला टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या जोरानं वाकतो. ज्याला तो स्पर्श कळत नाही, त्याला बुटातला खिळाही कळणार नाही. वसुधाताईंनी मोजे काढले, घडी घालून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. नर्सनं उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली. मी नुसती शेजारी उभी होते.

"हो." थोड्या वेळानं, "हो." मग, "हो."

डावा पाय. अंगठा, बोटांच्या मागचा उंचवटा, मधला भाग. प्रत्येक वेळी धागा वाकला आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं. नर्सनं धागा मिटवला आणि कागदावर खुणा करायला घेतल्या.

वसुधाताईंनी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, "डाव्याला परत एकदा लावा."