पुढचे शॉकअप बदलण्याआधी

मित्रा, बाइकचे पुढचे शॉकअप (धक्के झेलणारे दोन दांडे) खराब झाले म्हणून अख्खे लगेच विकत घेऊ नकोस. आधी त्यातला पाइप काढून जाड काचेवर गडगडव. लंगडत फिरला तर वाकलाय. सरळ फिरला तर बहुतेक वेळा ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी रिंग) बदलून भागतं. पाइपवरून नख फिरव. गंजाच्या खड्ड्यात अडकलं, तर नवं सीलही फाटणार. सामान पुण्यात नाना पेठेत बघ, पण जुना पाइप सोबत ने (मी नेला नव्हता, दोन हेलपाटे पडले). पाइपचं वरचं झाकण मात्र तो काढण्याआधी, गाडीवर असतानाच ढिलं कर. पुढे ते सावकाश उघड, आत स्प्रिंग दाबलेली असते. ऑइल दोन्हीकडे मोजून सारखंच. आणि एवढं उघडलंच आहेस, तर हँडलचा कोनसेटही (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) बघून घे.